जुनी दगडी-विटांची भिंत तपासताना आणि दुरुस्त करताना: आधी पाण्याची वाट शोधा

जुन्या इमारतीची बाहेरची भिंत तपासायची असेल तर पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. कोरड्या दिवशी ती भिंत जे लपवते ते तासाभराच्या पावसात सगळं सांगून टाकते. पन्हळ कुठून ओसंडते, कुठल्या खिडकीखाली पाणी भिंतीला चिकटून उतरतं, कुठल्या पाइपामागे काळपट ओघळ आहे, हे डोळ्यांनी दिसतं. पाऊस थांबला की लगेच निघू नका. भिंत वाळताना बघा. जो पट्टा सगळ्यात शेवटी वाळतो, दुखणं बहुधा तिथेच असतं.

मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दर्शनी भागांच्या दुरुस्तीवर देखरेख करतो. पुस्तकातून आरसीसी शिकलो. चुना आणि दगड शिकलो ते परांचीवर, गवंड्यांच्या शेजारी उकिडवं बसून. या सगळ्या कामात एक गोष्ट मला वारंवार दिसते. भिंतीला ओल येते म्हणून लोक भिंतीवर उपाय करतात: सिमेंटचा गिलावा, वॉटरप्रूफ रंग, सांध्यांत कडक मसाला. पाणी मात्र वरच्या फुटक्या पन्हळीतून आरामात येतच राहतं, आणि आता त्याला बाहेर पडायला जागाही उरत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून मी कुठल्याही भिंतीसमोर दोनच प्रश्न आधी विचारतो: पाणी आत कुठून येतंय, आणि बाहेर कुठून जातंय? या दोन्हींची उत्तरं हाती येईपर्यंत कोणालाही छिन्नी उचलू देऊ नका.

खालून बघा, मग हात लावून बघा

इमारतीच्या प्रत्येक बाजूचं साधं रेखाचित्र काढा. हाताने काढलं तरी चालेल, फोटोवर रेघा ओढल्या तरी चालेल. मजले आणि खिडक्यांना क्रमांक द्या. पुढे 'तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात तिरका तडा' असं लिहिता आलं पाहिजे. 'मागच्या बाजूला बऱ्याच भेगा' अशी नोंद दोन वर्षांनी कुणाच्याच कामाची राहत नाही.

नजर वरून खाली न्या, कारण पाणीही तसंच येतं. आधी गच्चीचा कठडा. संपूर्ण इमारतीत सगळ्यात जास्त मार खाणारा भाग हाच: ऊन, वारा, पाऊस दोन्ही अंगांनी, आणि वरूनही. कठड्याच्या माथ्यावरचे दगड सरकलेत का, त्यांच्यामधले सांधे उघडलेत का, त्यांचा उतार गच्चीकडे आहे की रस्त्याकडे, आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच शाबूत आहे का, ते पाहा. बोटभर रुंदीची ती खाच रंगाने किंवा सिमेंटने बुजली की माथ्यावरचं पाणी थेंब होऊन खाली पडायच्या ऐवजी दगडाच्या पोटाखालून सरपटत भिंतीत शिरतं. अनेक इमारतींत वरच्या मजल्याची ओल एवढ्यानेच कमी होते की कुणीतरी ती खाच पुन्हा मोकळी केली.

कठड्याला वरून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडा. भिंतीपासून दोरीचं अंतर माथ्याशी, मध्ये आणि तळाशी मोजा. कठडा बाहेर कललाय की मध्येच भिंतीला पोट आलंय, ते या तीन आकड्यांतून कळतं. पोट आलेलं दिसलं तर तिथे आपली हौस थांबवायची. जुन्या जाड भिंती बऱ्याचदा तीन पदरी असतात: बाहेर घडीव दगड किंवा चांगली वीट, आत साधं बांधकाम, मध्ये चुना आणि कपच्यांचा भराव. पाण्याने भरावातला चुना धुऊन गेला की बाहेरचा पदर सुटा होतो आणि फुगतो. असा फुगवटा सांधे भरून बरा होत नाही. खालचा रस्ता अडवा आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

मग कॉर्निस (भिंतीबाहेर आलेली आडवी नक्षीदार पट्टी), खिडक्यांवरच्या कमानी आणि लिंटेल (खिडकीवरचा भार पेलणारी आडवी तुळई), खिडक्यांचे उंबरे, पावसाळी पाइप, आणि शेवटी जमिनीलगतचा भाग. पाइपाच्या बाबतीत एक साधी चाचणी: वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली किती वेळात, किती येतं ते पाहा. बिडाचे जुने पाइप भिंतीकडच्या बाजूने फुटतात. तिथे रंगाचा ब्रश कधी पोचलेलाच नसतो. समोरून पाइप ठणठणीत दिसतो, मागे भिंत भिजत असते. छोटा आरसा पाइपामागे सरकवून बघा.

दुर्बीण, मोबाइलचा झूम, ड्रोन, सगळं वापरा. पण ते कुठे चढायचं हे ठरवण्यापुरतं. सुटलेला दगड फोटोत घट्टच दिसतो. 1979 साली न्यूयॉर्कमध्ये इमारतीच्या दर्शनी भागाचा तुकडा पडून फुटपाथवरून चाललेली एक कॉलेज विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. त्यानंतर 1980 मध्ये त्या शहराने सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या रस्त्याकडच्या भिंती दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासून घेणं कायद्याने बंधनकारक केलं आणि 1998 मध्ये ही अट बाजूच्या आणि मागच्या भिंतींपर्यंत वाढवली. कायदा असो वा नसो, उंच इमारतीसाठी पाच वर्षांचं अंतर मला योग्य वाटतं.

परांचीवर किंवा वरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यातून भिंतीपाशी पोचलात की लाकडी किंवा नायलॉनचा छोटा हातोडा घ्या आणि एकेका दगडावर हलकेच टकटक करा. घट्ट दगड टणक, स्वच्छ आवाज देतो. सुटलेला किंवा आतून पापुद्रा धरलेला दगड बद्द वाजतो. पहिल्या दिवशी फरक कळायला वेळ लागतो, म्हणून आधी खात्रीने घट्ट असलेल्या दगडावर कान बसवून घ्या. बद्द वाजलेल्यावर खडूने खूण. जो तुकडा हाताने हलतो तो त्याच दिवशी उतरवायचा, क्रमांक टाकून जपून ठेवायचा. 'काम सुरू झालं की बघू' म्हणून वर ठेवायचा नाही.

तडे वाचायला शिका

सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा बहुधा पाया खचल्याचं सांगतो. लांबलचक भिंतीच्या कोपऱ्याजवळचा, विटा फोडून गेलेला उभा तडा अनेकदा उन्हातान्हात होणाऱ्या प्रसरणाचा असतो. लिंटेलच्या दोन्ही टोकांपासून निघालेली आडवी फट दिसली की आत लोखंड गंजतंय असं समजा. हे नियम पक्के नाहीत, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगतात.

तड्याची रुंदी मोजा. एक मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा काळजीची नसते. पाच मिलिमीटरच्या वर गेली की कारण शोधल्याशिवाय बुजवू नका. पंधराच्या वर असेल तर इंजिनीअर हवाच. पण रुंदीहून मोठा प्रश्न हा की तडा जिवंत आहे की मेलेला. तड्याच्या दोन्ही बाजूंना पितळी टिकल्या चिकटवा, व्हर्नियर कॅलिपरने अंतर घ्या, तड्याच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. एक पूर्ण वर्ष, म्हणजे सगळे ऋतू, नोंद ठेवा. उन्हाळ्यात मिटणारा आणि थंडीत उघडणारा तडा भिंतीच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. एकाच दिशेने वाढत जाणारा तडा धोक्याचा. वर्षभर थांबायला कुणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी थांबा. चालता तडा कडक मसाल्याने बंद केला तर तो शेजारी नवीन जागा शोधतो, आणि या वेळी सांध्यातून न जाता विटेतून जातो.

लोखंडाचा जाच

दगडी बांधकामात दगड एकमेकांना जखडायला लोखंडी आकडे घालायची रीत फार जुनी. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरच्या संगमरवरी मंदिरांत प्राचीन कारागिरांनी असे आकडे बसवून त्यांच्याभोवती वितळलेलं शिसं ओतलं होतं, त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. 1898 पासून पुढची काही दशकं ग्रीक अभियंते निकोलाओस बालानोस यांनी तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं, त्यात उघडं लोखंड वापरलं गेलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. 1975 मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम बसवायला घेतलं. ज्या दगडाने दोन हजार वर्षं काढली, त्याला चुकीच्या धातूने काही दशकांत तडे घातले.

कारण सोपं आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि ती जागा तो दगड उचलून मिळवतो. म्हणून गंजाचा तांबूस ओघळ दिसला, किंवा लिंटेलवरचा थर किंचित उचललेला वाटला, तर तो भाग उघडा. लोखंडाची जाडी अजून पुरेशी असेल तर गंज पूर्ण खरवडून, गंजरोधक लेप देऊन ठेवता येतं. पापुद्रे सुटत असतील तर बदला, आणि बदलताना स्टेनलेस स्टील वापरा. एक चूक जवळजवळ प्रत्येक इमारतीत सापडते: लिंटेलच्या खालच्या कडेला सीलंट भरून फट 'व्यवस्थित' बंद केलेली. वरून आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडत होतं. ती फट मोकळी ठेवा.

सांधे: सगळं काम इथे आहे

आता मुख्य विषय. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये घेतलं, पण ते सर्रास वापरात यायला पुढे बराच काळ गेला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली, आणि विसाव्याच्या सुरुवातीचीही, इमारत समोर असेल तर तिचा मूळ मसाला चुन्याचा आहे असं धरून चाला आणि उलट पुरावा मिळाला तरच मत बदला.

चुना आणि सिमेंट यांत फरक केवळ ताकदीचा नाही. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो आणि विरतो. हा विरवलेला चुना वाळूत मिसळून सांध्यात भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषत तो हळूहळू दगडाकडे परततो. ही क्रिया कधी महिने, खोल सांध्यांत तर कधी वर्षं चालते. असा मसाला मऊ असतो, किंचित लवतो आणि पाण्याची वाफ सोडतो. भिंत तापते, थंड होते, फुगते, आकसते. तो सगळा ताण सांधा झेलतो. भिंतीतला ओलावा आणि त्यात विरघळलेले क्षार सांध्यातून बाहेर येतात. शंभर वर्षांनी झिजतो तो सांधा, आणि तो पुन्हा भरता येतो.

आता त्याच सांध्यात कडक सिमेंट भरा. सिमेंट आणि वीट यांच्यात केसाएवढी फट पडतेच, पाणी तिथून आत शिरतं. बाहेर यायला सांधा बंद, म्हणून ते विटेच्या तोंडातून निघतं. क्षारही विटेच्या पृष्ठभागामागे साचतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि तोंडाची भाजलेली कातडी पापुद्र्यासारखी सुटते. लोणा लागला म्हणतात तो हाच. अशी एक भिंत मी हात लावून पाहिली आहे: सिमेंटचे सांधे जसेच्या तसे, धारदार, मधाच्या पोळ्यासारखे बाहेर उभे, आणि प्रत्येक चौकटीतली वीट दोन बोटं आत खाल्लेली. बोट फिरवलं की तांबडी भुकटी हातात यायची. ज्याने ते सांधे भरले त्याने काम मन लावून केलं होतं. रेघा अगदी सरळ होत्या. फक्त मसाला भिंतीपेक्षा कडक होता.

म्हणून नियम एवढाच की सांधा नेहमी त्याच्या शेजारच्या दगड-विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असला पाहिजे. ठेकेदार 'मजबुतीसाठी थोडं सिमेंट टाकतो' म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

जुना मसाला ओळखणं

कुणी हात न लावलेल्या, आडोशाच्या जागेतून मुठीत मावेल एवढा मसाल्याचा तुकडा काढा. भिंगातून पाहा. पांढऱ्या चुन्याच्या गुठळ्या दिसल्या तर तो चुन्याचा मसाला असल्याची ती चांगली खूण आहे. तांबूस कण असतील तर सुर्खी, म्हणजे विटेची पूड. बोटांनी चुरडतो का ते बघा. मग चुरा काचेच्या भांड्यात घेऊन त्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. हातमोजे आणि चष्मा लावून, उघड्यावर. फेस येतो, चुना विरघळतो, तळाशी वाळू उरते. ती धुऊन, वाळवून, चाळून पाहा: दाणा केवढा, रंग काय, बारीक-जाड यांचं प्रमाण काय. नवी वाळू याच्याशी जुळवायची. एक सावधगिरी: वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही आम्लात विरघळतील. म्हणून भिंगातून पाहणं आधी, आम्ल नंतर.

जुन्या सांध्याचा रंग मुख्यतः वाळूतून येतो, चुन्यातून नाही. रंगाची पूड घालून रंग जुळवण्यापेक्षा योग्य वाळू शोधण्यात दोन दिवस घालवलेले परवडतात.

मसाला

वाळू कोनेरी, खरखरीत आणि दाण्यांच्या सगळ्या आकारांची हवी. सगळ्यात मोठा दाणा सांध्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जाईल. गाळ तपासायला काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्या किंवा बदला.

चुना किती घालायचा हे वाळूच सांगते. मापाचं भांडं कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि दुसऱ्या मापातून त्यात सावकाश पाणी ओता, पाणी पृष्ठभागाशी येईपर्यंत. जेवढं पाणी बसलं तेवढी दाण्यांमधली पोकळी, आणि ती पोकळी भरण्याइतका चुना लागतो. चांगल्या वाळूत हे साधारण एक तृतीयांश येतं. एकास तीन हे जुनं प्रमाण त्यातूनच आलेलं. वाळू एकसारख्या दाण्याची असेल तर पोकळी वाढते आणि एकास अडीच लागतं.

पाण्याखाली काही महिने मुरलेला चुन्याचा लगदा मिळाला तर उत्तम. तो लोण्यासारखा थापीवर बसतो. मसाला नुसता कालवू नका, कुटा, रगडा. जुन्या काळी बैलांच्या घाण्यात चुना मळत ते उगाच नव्हे. रगडल्याने चुना प्रत्येक दाण्याला लपेटतो आणि जास्तीचं पाणी न घालता मसाला लवचीक होतो. पाणी जास्त झालं की वाळताना भेगा ठरलेल्या.

सतत भिजणाऱ्या जागा, म्हणजे कठड्याचा माथा, खिडकीचे उंबरे, जोत्याजवळचा भाग, यांना पाण्यात घट्ट होणारा चुना लागतो. 1756 मध्ये इंग्रज अभियंता जॉन स्मीटन समुद्रातल्या एडिस्टन खडकावरच्या दीपगृहासाठी मसाला शोधत असताना त्याच्या लक्षात आलं की चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो. आज असा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना एनएचएल 2, 3.5 आणि 5 अशा प्रतींत येतो. आकडा 28 दिवसांनंतरची किमान दाबशक्ती सांगतो. मऊ विटेला 2 किंवा 3.5 पुरतो. 5 फक्त टणक दगडाला आणि उघड्या माथ्याला. तो नसेल तर लगद्यात कमी भाजलेल्या विटांची बारीक सुर्खी घाला. जास्त भाजलेल्या, खणखणीत विटेच्या पुडीला तो गुण नसतो.

कळीचा चुना घरी विरवणार असाल तर चष्म्याशिवाय जवळ जाऊ नका. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. स्वच्छ पाण्याची बादली हाताशी ठेवा, डोळा सतत धूत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

सांधे काढणं आणि भरणं

सांध्याच्या निम्म्या रुंदीची, पातळ पात्याची छिन्नी आणि हलका हातोडा. इलेक्ट्रिक ग्राइंडर उभ्या सांध्यांवर अजिबात नको. पातं वरच्या आणि खालच्या विटेत हमखास घुसतं आणि ती खाच कायमची राहते. आडव्या सांध्यात फार कडक सिमेंट असेल तर कसबी माणसाने बरोबर मधोमध एक बारीक काप घ्यावा, बाकीचं छिन्नीने आतल्या बाजूला पाडावं. सिमेंट काढताना विटेच्या कडा तुटतच असतील तर थांबा. ते सिमेंट तिथेच राहू द्या. काढण्याने होणारं नुकसान ठेवण्यापेक्षा मोठं ठरतं.

खोली सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट. दहा मिलिमीटरचा सांधा असेल तर वीस-पंचवीस मिलिमीटर. त्याहून आत मसाला भुसभुशीत असेल तर घट्ट लागेपर्यंत. आतली बाजू चौकोनी हवी, व्ही आकाराची नको. खिळ्यावर 25 मिलिमीटरची खूण करून खिशात ठेवा आणि भरण्याआधी कुठेही खुपसून तपासा. हे भरल्यानंतर तपासता येत नाही, म्हणून करारातच लिहा की काढलेले सांधे दाखवल्याशिवाय भरायचे नाहीत.

ब्रशने धूळ काढा, मग वरून खाली पाण्याने धुवा. भरण्याआधी भिंत भिजवा, पण सांध्यात पाणी चमकत असेल तर ते जिरेपर्यंत थांबा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चुना नुसती भुकटी होऊन राहतो. नव्या भरलेल्या सांध्यातून महिन्याभरात पूड गळत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच.

मसाला घट्टसर ठेवा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, हाताला चिकटू नये. सांध्यापेक्षा अरुंद पट्टीने आतून बाहेर दाबत भरा. खोल जागा आधी, मग सहा-सात मिलिमीटरच्या थरांनी. प्रत्येक थर अंगठ्याचा ठसा धरेल इतका घट्ट झाला की पुढचा. जुन्या विटांच्या कडा गोल झालेल्या असतात. तिथे मसाला विटेच्या तोंडाबरोबर आणला तर सांधा रुंद दिसतो आणि त्याची पातळ कडा पहिल्याच वर्षी तुटते. म्हणून किंचित आत थांबा.

शेवटचा थर नखाने खरवडला तर रेघ उठेल पण बोट रुतणार नाही, अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने ठोका. पुसायचं नाही, ठोकायचं. याने बारीक भेगा मिटतात, वरची चुन्याची साय निघते आणि वाळूचा दाणा उघडा होतो. सांधा जुन्या सांध्यासारखा दिसतो तो या क्षणामुळे. हा क्षण ऊन, वारा आणि विटेवर अवलंबून असतो, घड्याळावर नाही. गवंडी दुपारी भरून संध्याकाळी घरी निघून गेला तर तो हातचा जातो.

मग गोणपाट टांगा आणि निदान आठवडाभर, उन्हाळ्यात जास्त, दिवसातून अनेकदा शिंपडून ओलसर ठेवा. गोणपाट भिंतीला चिकटवू नका, हवा खेळली पाहिजे, कारण चुन्याला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. आत चुना पक्का झाला का हे पाहायचं असेल तर कडेचा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाका. गुलाबी झाला तर अजून कच्चा. गोठणारी थंडी किंवा पहिला मुसळधार पाऊस यांच्या तोंडावर हे काम काढू नका.

संपूर्ण भिंत सरसकट उकरू नका. घट्ट असलेला जुना सांधा कोणत्याही नव्यापेक्षा चांगला. ठेका चौरस मीटरवर दिलात तर सगळंच उकरलं जाईल. प्रत्यक्ष भरलेल्या सांध्याच्या लांबीवर द्या. आधी मागच्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या, तो पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवा.

वीट, दगड, झाडं, धुलाई

तोंड गेलेली वीट जपून काढून उलटी बसवता येते का ते पाहा; मागचं तोंड बऱ्याचदा उत्तम असतं. वाळूच्या दगडासारखा थराथराचा दगड बदलताना त्याचे थर खाणीत होते तसे आडवे ठेवा. थर भिंतीला समांतर उभे राहिले तर पुस्तकाची पानं सुटावीत तसे सुटतात. दगडाचा कोपराच गेला असेल तर चौकोनी खाच करून त्याच जातीच्या दगडाचं ठिगळ चुन्यात आणि स्टेनलेस स्टीलच्या खुंटीवर बसवा.

सांध्यात रुजलेला पिंपळ किंवा वड उपटू नका. मूळ आत भिंत धरून असतं, उपटताना दगडही येतो. खोड कापून छेदावर लगेच मूळ मारणारं औषध लावा, मूळ मेल्याची खात्री झाली की तेवढे थर उतरवून ते काढा आणि पुन्हा बांधा.

धुण्याबाबत माझं मत कडक आहे: वाळूचा मारा नको, जास्त दाबाचं पाणी नको, चुनखडी-संगमरवरावर आम्ल नको. वाळूच्या माऱ्याने विटेची भाजलेली कातडी जाते आणि ती पुन्हा येत नाही. चुनखडीवर आडोशाच्या जागी जमणारा काळा थर बहुतांशी जिप्सम असतो, हवेतल्या गंधकाच्या धुराने दगडापासूनच झालेला. तो बारीक तुषारांखाली मऊ करून नरम ब्रशने काढावा. आणि फिल्म धरणारा वॉटरप्रूफ रंग कुठल्याही जुन्या भिंतीवर नको. कारणं वर आलीच आहेत.

काम संपल्यावर वापरलेल्या वाळूची एक पिशवी, चुन्याची प्रत, मिश्रणाचं प्रमाण, सांधे भरल्याच्या तारखा आणि सुरुवातीची रेखाचित्रं एका फाइलीत बांधून इमारतीतच ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, जुन्या फोटोंशी ओलीचे पट्टे ताडून पाहा. पट्टा सरकला असेल पण गेला नसेल, तर पाण्याची एखादी वाट अजून सापडायची आहे; परांची पूर्ण उतरवायच्या आत ती शोधा.